कंपनीला पैसा पाहिजे तर आधी जुन्या भागधारकांना विचारायला नको का?

अक्कलकोट रोड: आमच्या वडलांचे टॉवेलच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत ८,००० शेअर आहेत, एकूण १ लाखातले. सर्टिफिकिटं अजून आईच्या कपाटात चादरीच्या घडीखाली. गेल्या वर्षी सभेची नोटीस आली, कुणी नीट वाचली नाही, ठराव झाला आणि ६०,००० नवे शेअर बाहेरच्या एका पार्टीला गेले. शेअर तेवढेच राहिले पण हिस्सा ८ टक्क्यांवरून ५ वर. कंपनी कायद्याच्या कलम ६२ मध्ये राइट्स इश्यू आहे की, ज्याचा जेवढा हिस्सा तेवढे नवे शेअर आधी त्याला. मग विशेष ठराव करून ते टाळायची मुभा कशाला ठेवली? ७५ टक्के मतं ज्याच्या हातात त्याच्यापुढं ८ टक्केवाला काय करणार?

टेरी टॉवेल: मालक, वाईट वाटतं ते कळतंय, पण माझं पण युनिट आहे चिंचोळीला. सुताचा भाव चढला की खेळतं भांडवल संपतं, बँक तारण मागते, जागा आधीच गहाण. प्रायव्हेट कंपनीला आयपीओ आणता येत नाही. मग ओळखीतलाच कुणी पैसेवाला बघायचा, आणि तो भागधारकच नाही तर त्याला राइट्समधून घेणार कसं? आणि खरं सांगा, राइट्स आणला असता तर तुम्ही पैसे भरले असते? नसते भरले तर तिथं पण हिस्सा कमीच झाला असता.

अक्कलकोट रोड: ४,८०० वाट्याला आले असते, अर्धे तरी नक्की भरले असते. उरलेला हक्क चुलतभावाला सोडला असता, कंपनीच्या नियमावलीत मनाई नसेल तर तसं करता येतं. विचारलंच नाही हे दुखतंय.

सीएस (कंपनी सेक्रेटरी), विजापूर रोड: कलम ४२, म्हणजे निवडक लोकांनाच शेअर द्यायची प्रायव्हेट प्लेसमेंट, हे मोकळं रान नाही. वर्षात २०० च्या वर लोकांना ऑफर नाही (बँका, फंड, ईसॉपमधून शेअर मिळणारे कर्मचारी सोडून), जाहिरात नाही, रोख नाही, ६० दिवसांत वाटप, आणि वाटपाची माहिती देणारा पीएएस-३ फॉर्म भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. सहारानं पण प्रायव्हेट प्लेसमेंटच म्हटलं होतं, सुप्रीम कोर्टानं ३१ ऑगस्ट २०१२ ला १५ टक्के व्याजासकट पैसे परत करायला सांगितलं. तुम्ही भाव तपासा. बाहेरच्याला शेअर देताना नोंदणीकृत मूल्यांककाचा रिपोर्ट लागतो आणि भाव कशावरून ठरवला ते नोटिशीसोबत लिहावं लागतं. अन्यायाची तक्रार करायला १० टक्के भांडवलच लागतं असं सगळे धरून चालतात, पण सभासदांच्या संख्येतले एक दशांश असले तरी एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, जाता येतं. तुमच्यात सभासद किती?

टेरी टॉवेल: भाव पाडून दिले असतील तर मी पण तुमच्याच बाजूनं. पण त्यासाठी बाहेरून पैसा आणायची वाटच बंद करा म्हणू नका, इथली निम्मी युनिटं बसतील.

अक्कलकोट रोड: नऊच सभासद आहेत, म्हणजे वडलांना एकट्याला पण जाता येईल. नोटीस आत्ता काढून बघितली. भावापुढं फक्त 'संचालक मंडळाने ठरविल्याप्रमाणे' एवढंच आहे, रिपोर्टचं नाव नाही. सोमवारी रिपोर्टची कॉपी मागायचा लेखी अर्ज देतोय, पोच घेऊन येतो.