‘टेक शेप’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न (सांगली): आमच्या हौशी नाट्यमंडळाचं पत्रक मराठीत करतेय. इंग्रजीत आहे, ‘द प्ले इज स्लोली टेकिंग शेप’. मी लिहिलं, ‘नाटक हळूहळू आकार घेत आहे’. दिग्दर्शक म्हणतात, बातमी वाचल्यासारखं वाटतं. ‘साकार होत आहे’ चालेल का?

मिरजकर: ‘साकार’ नको, ताई. स्वप्न साकार झालं म्हणजे काम संपलं, पेढे वाटायचे. टेक शेप ही अधलीमधली अवस्था आहे. आधी नुसती कल्पना नाहीतर सामानाचा पसारा असतो. मग त्यातून काय होणार ते दिसायला लागतं. म्हणून हा वाक्प्रचार बहुधा ‘होत आहे’ अशा चालू काळात येतो.

आमच्याकडे तंबोऱ्याचं काम चालतं ते बघा. वाळलेला भोपळा कोपऱ्यात, तुणीचं लाकूड भिंतीला टेकवलेलं. तोवर काही कळत नाही. भोपळ्याला गळा बसला, दांडी जोडली, भोपळ्याच्या तोंडावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, चिकटलं, की रस्त्यानं जाणाराही ओळखतो. इंग्रजीतला ‘टेकिंग शेप’ तो इथला. खुंट्या, तारा अजून बाकीच असतात. शेवटी तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढतात आणि तंबोरा बोलायला लागतो. तिथं हा वाक्प्रचार लावलात तर फार उशीर झाला.

‘आकार घेणे’मधलं ‘घेणे’ मला इंग्रजी ‘टेक’चं भाषांतर वाटतं, मी ‘आकाराला येणे’ वापरीन. पण नाटकाला तेही कशाला? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या गावात बसून नाटकाला आकार कसला देता? नाटक बसवतात. ‘नाटक हळूहळू बसतंय’ म्हणा.

कराडचा एक वाचक: ‘घेणे’वर एवढा राग नको. रूप घेणे, वळण घेणे हे आपलंच आहे, ‘आकार घेणे’ही आता रुळलंय. माझी तक्रार एवढीच, की जिथंतिथं आकारच येतो. धंदा बाळसं धरतो, सोयरीक जुळत येते, घर उभं राहतं. नगरपालिकेनं काही आकारलं तर ती घरपट्टी!

प्रश्नकर्ती: मग ‘शेप अप’ही तेच का?

मिरजकर: अर्धं तेच. ‘थिंग्ज आर शेपिंग अप वेल’ म्हणजे सगळं नीट जुळून येतंय. पण माणसाकडे बघून नुसतंच ‘शेप अप!’ म्हटलं तर ती तंबी: सुधार, नीट वाग. आणि ‘इन शेप’ म्हणजे अंगानं तंदुरुस्त, त्याचा इथं संबंध नाही.

प्रश्नकर्ती: ‘नाटक बसत आलंय, दुसरा अंक अजून सैल आहे’ असं छापते.

कराडचा एक वाचक: पहिला अर्धा छापा. दुसरा तालमीत बोला, नाहीतर तिकिटं कोण घेणार?