जुन्या असेंब्लीवरून नवे मॉडेल काढताना जोडलेल्या फाइलींची नावे कशी बदलावीत?

प्रश्न (कुंडई, फोंडा)

आमच्या कारखान्यात काजूबिया फोडण्याचे चार कटरचे यंत्र तयार होते आणि आता त्याचे सहा कटरचे मॉडेल काढायचे आहे. सॉलिडवर्क्स या संगणकावर यंत्रांची रचना करण्याच्या सॉफ्टवेअरमधील मुख्य असेंब्लीत (सुटे भाग जोडून बनवलेल्या पूर्ण यंत्राच्या मॉडेलमध्ये) अनेक सब-असेंब्ली (लहान जोडण्या), सुटे भाग आणि त्यांची ड्रॉइंग्ज असून सर्व फाइलींच्या नावांत जुन्या मॉडेलचा क्रमांक आहे. संपूर्ण फोल्डर विंडोजमध्येच कॉपी करून नावे बदलावीत, असे काही सहकाऱ्यांचे मत आहे. परंतु ज्या ड्रॉइंग्जवरून आजही ग्राहकांना सुटे भाग पुरवले जातात, ती त्यामुळे बिघडतील अशी मला भीती वाटते. योग्य पद्धत कोणती?

उत्तर (वेर्णा)

आपली भीती रास्त आहे. असेंब्लीच्या फाइलीत भाग कोणत्या नावाने आणि कोठे ठेवले आहेत याची नोंद असते, आणि विंडोजमध्ये नाव बदलल्याने ती नोंद बदलत नाही. मग नवी असेंब्ली एकतर भाग सापडत नसल्याचे सांगते, किंवा जुन्या फोल्डरमधील मूळ भाग निमूटपणे उघडते. हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण नव्या यंत्रासाठी शाफ्ट लांब केला की जुन्या यंत्राचा शाफ्टही लांब होतो.

मुख्य असेंब्ली उघडून फाइल मेनूतील ‘पॅक अँड गो’ (जोडलेल्या सर्व फाइलींची यादी दाखवून त्यांच्या प्रती काढणारी सोय) वापरावे. त्यात ड्रॉइंग्ज समाविष्ट करण्याच्या पर्यायावर खूण करावी, ‘सिलेक्ट/रिप्लेस’ने जुन्या क्रमांकाच्या जागी नवा घालावा आणि सर्व फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये जतन कराव्यात. जी ड्रॉइंग्ज मॉडेलपासून दूर दुसऱ्याच फोल्डरमध्ये आहेत, ती यादीत आली आहेत का हे डोळ्यांनी तपासावे. एकाच नावाच्या दोन निरनिराळ्या फाइली सॉलिडवर्क्समध्ये एकाच वेळी उघडता येत नाहीत, म्हणून नाव बदलण्याचा कंटाळा करू नये.

उत्तर (म्हापसा)

पद्धत मान्य आहे. मात्र सरसकट सर्व फाइलींना नवा क्रमांक देण्यास माझा ठाम विरोध आहे. बेअरिंग, मोटर, नटबोल्ट आणि ज्यांत काहीच बदल होणार नाही असे ब्रॅकेट यांच्यापुढील खूण यादीत काढून टाकावी, म्हणजे नवी असेंब्ली त्या मूळ फाइलीच वापरेल. अन्यथा एकाच ब्रॅकेटचे दोन क्रमांक होतात, स्टोअरमध्ये ते दोन खणांत जाते आणि एका ड्रॉइंगमधील दुरुस्ती दुसऱ्यात पोहोचतच नाही. कोणता भाग बदलणार हे आधी कागदावर ठरवावे. माझ्या मते खरे काम तेच आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमधील (नाव-क्रमांकाच्या चौकटीतील) क्रमांक आपोआप बदलेल का?

उत्तर (वेर्णा)

तो फाइलीच्या नावाशी जोडलेला असेल तर बदलेल. कस्टम प्रॉपर्टीत (फाइलीसोबत साठवलेल्या माहितीच्या रकान्यात) हाताने टाइप केलेला असेल तर जुनाच राहील, आणि बिल ऑफ मटेरियलमध्येही (भागांच्या यादीतही) तो तसाच उमटू शकेल. तेव्हा त्या प्रॉपर्टी स्वतंत्रपणे बदलाव्या लागतील. तसेच एका भागाची मापे दुसऱ्या भागावरून घेतलेली असतील, तर फीचर ट्रीमध्ये (मॉडेलच्या घटकांच्या यादीत) त्यापुढे बाणाची खूण दिसते. असे संदर्भ नव्या असेंब्लीकडेच वळले आहेत ना, हे पाहावे. शेवटी ‘फाइंड रेफरन्सेस’ची, म्हणजे असेंब्ली कोणत्या फाइली कोठून घेते याची, यादी उघडावी आणि जुन्या फोल्डरचा मार्ग केवळ हेतुतः सामाईक ठेवलेल्या भागांपुढेच दिसत असेल, तरच नव्या मॉडेलमध्ये पहिला बदल करावा.