घर्षण खोक्याला पुढे नेतं

ट्रकच्या हौद्यात न बांधता ठेवलेल्या खोक्याबद्दल असं म्हटलं जातं की घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं, म्हणून ट्रक सुटताना ते खोक्याला मागे ओढतं. इथेच गल्लत होतेय. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभाग एकमेकांवरून घसरण्याला. ट्रक पुढे निघाला की जडत्वामुळे खोकं जागीच राहू पाहतं आणि हौद्याचा तळ त्याला घर्षणाने पुढे ओढतो. रस्त्यावरून पाहणाऱ्याला खोक्यावर मागे ढकलणारं बल कुठेच दिसणार नाही.

या ओढीला मर्यादा आहे. घर्षणांक (दोन पृष्ठभागांची एकमेकांवरची पकड सांगणारा आकडा) ०.३ धरला तर खोक्याला साधारण ३ मी/से² पर्यंतचाच त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, मिळू शकतो. ट्रकचा त्वरण त्याहून जास्त झाला की खोकं घसरणार. गंमत म्हणजे यात वस्तुमान येतच नाही! 'जड आहे, हलणार नाही' म्हणून दोर न बांधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. लादलेला ट्रक सुटताना इतका त्वरण क्वचितच गाठतो, पण कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तर सहज ओलांडतो. म्हणून सामान बहुधा पुढे, केबिनवर आदळतं.

उंच कपाटाचं वेगळं. ट्रकच्या दिशेने मोजलेली रुंदी भागिले उंची घर्षणांकाहून कमी असेल तर ते घसरण्याआधीच कलंडतं.

आणि तळावर मोकळा भरीव चेंडू ठेवलात तर? तो न घसरता गडगडत असेल तर रस्त्याच्या हिशेबाने पुढेच जातो, फक्त ट्रकच्या त्वरणाच्या २/७ ने. आतल्याला मात्र तो मागे पळताना दिसतो.