ग्राफिक डिझाइन सोडून शाश्वत सुतारकामाकडे वळावे का? अनुभवींचा सल्ला हवा आहे

कोरीपाटी (धागाकर्ती)

नमस्कार. मी गेली चौदा वर्षे ग्राफिक डिझाइनच्या व्यवसायात असून त्यातली बहुतेक वर्षे वेष्टनांच्या रचनेत गेली. खोक्याच्या झाकणावरील अक्षरांमधले अंतर ठरवण्यात मी दोन-दोन दिवस घालवते आणि ते खोके ग्राहकाच्या घरी पोहोचले की दोन मिनिटांत फाडून टाकले जाते. पूर्वी याची गंमत वाटत असे, आता वाटत नाही.

गेल्या वर्षी मी सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्या सुतारकामाच्या वर्गाला जाऊ लागले. सहा महिन्यांत एक स्टूल आणि डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या पसरट दात्यांच्या, सांध्यांची एक पेटी तयार झाली. पेटी बरी जमली आहे, स्टूल मात्र पहिल्या दोन महिन्यांतच डुगडुगू लागले. तरीही हे काम पूर्ण वेळ करावे, आणि ते पर्यावरणाला झेपेल अशाच पद्धतीने करावे, असे मनाने घेतले आहे. प्रशिक्षण पुढे कसे न्यावे, यंत्रे कोणती घ्यावीत, कोणते लाकूड निर्धोक मनाने वापरता येईल आणि घरखर्च चालेल इतके उत्पन्न यातून मिळते का, याविषयी प्रत्यक्ष हे काम करणाऱ्यांकडून जाणून घ्यायचे आहे. नाउमेद करणारी उत्तरेही चालतील.

जुना रंधा

तुमचे स्टूल का डुगडुगते हे तुम्ही तपासले आहे का, हा माझा पहिला प्रश्न आहे, आणि तो खवचटपणे विचारलेला नाही. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागेल ते कोणत्याही वर्गात मिळणार नाही.

मी पूर्वी नाटकांचे नेपथ्य करत असे. नेपथ्यात वस्तू पन्नास प्रयोग टिकली म्हणजे पुष्कळ झाले; पुढचा पावसाळा ती कशी काढेल याचा विचार कोणी करत नाही. हीच सवय घेऊन मी सुतारकामात आलो आणि माझे पहिले मोठे टेबल मी चारही बाजूंनी चौकटीला सरसाने चिकटवून, वर स्क्रूने आवळून, मोठ्या अभिमानाने घरात मांडले. हवा कोरडी होऊ लागली तेव्हा एका रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. सकाळी पाहतो तर फळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेलेली, आणि तीही अशी की पोस्टकार्ड आत सरकावे.

कारण साधे होते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेतील ओलाव्याप्रमाणे वर्षभर फुगत आणि आकसत राहते. वाढीच्या वलयांच्या दिशेने होणारे आकसणे तर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेतील आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. लाकडातील ओलावा ४ टक्क्यांनी बदलला की वलयांना समांतर चिरलेल्या फळीच्या रुंदीत सुमारे १ टक्का फरक पडतो, म्हणजे ९०० मिलिमीटर रुंदीच्या टेबलाला जवळपास ९ मिलिमीटर इकडे-तिकडे सरकायला जागा हवी. मी ती ठेवली नव्हती. चौकटीत लंबगोल भोके पाडून फळी नुसती धरून ठेवली असती, तर ते टेबल आजही उभे असते.

आता मुद्द्याचे सांगतो, आणि बहुतेक जण याच्या उलट सांगतील. नवे फर्निचर बनवण्याने सुरुवात करू नका; पहिले वर्ष फक्त दुरुस्ती करा. शक्य असेल तर खुर्च्या दुरुस्त करा, कारण सुतारकामातील सगळ्या चुका खुर्चीत सर्वात आधी उघड्या पडतात. माणूस तिच्यावर बसतो, मागे रेलतो, ती ओढतो, आणि हा सगळा ताण काही थोड्या सांध्यांवर येतो.

खुर्चीच्या पायातील आडवी दांडी सैल का होते ते पाहा. दमट हवेत दांडीचे टोक फुगते, पण भोक तिला फुगू देत नाही, त्यामुळे तिचे तंतू आतल्या आत चेंगरतात. हवा कोरडी झाली की ते टोक आकसते, आणि चेंगरलेले तंतू पूर्ववत होत नसल्याने ते मुळापेक्षाही बारीक होते. दोन-चार पावसाळ्यांनंतर दांडी हाताने फिरू लागते. म्हणून जुने कारागीर पायासाठी किंचित ओले आणि दांडीसाठी अगदी वाळलेले लाकूड घेत असत, म्हणजे पाय वाळताना भोक दांडीवर आवळले जाई. तुमच्या स्टुलातही बहुधा याच्या उलट घडले असावे.

दुरुस्तीत डिंकाविषयीही असे काही कळते, जे नवे बनवताना कधी कळणार नाही. प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला जुना सरस उष्णता आणि ओल दिली की सुटतो, आणि नवा सरस जुन्या सरसावर पुन्हा धरतो. हल्लीचा पांढरा डिंक एकदा वाळला की त्याच्यावर नवा डिंक धरत नाही. सगळा खरवडून उघडे लाकूड काढावे लागते, आणि त्यात सांधा आणखी सैल होतो. ज्याने एकदा हे खरवडण्याचे काम केले आहे, तो स्वतः बनवलेल्या खुर्चीत डिंक निवडताना पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याचा विचार आपोआप करतो. शाश्वत या शब्दाचा मला उमगलेला अर्थ एवढाच आहे.

यंत्रांचा प्रश्नही यामुळे वर्षभर पुढे जातो. एक भक्कम मेज, दोन-तीन पटाश्या, एक छोटा रंधा, बारीक दात्यांची करवत, गुण्या, लाकडी मोगरी, सहा-आठ क्लॅम्प आणि धार लावण्याचे दोन दगड, एक १००० ग्रिटचा आणि एक ६००० च्या आसपासचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा; आकडा मोठा तितका दगड बारीक), एवढ्यावर दुरुस्तीची बहुतेक कामे होतात. पटाशीची पाठ आधी आरशासारखी सपाट करा, पुढची उतरंड २५ अंशांवर घासा आणि अगदी टोकाला ३० अंशांची बारीक धार द्या. सांध्याच्या आडव्या कापावर, जिथे तंतूंची टोके वर आलेली असतात, तिथे पटाशी दाबल्यावर पृष्ठभाग मेणासारखा चकाकला तर धार लागली. भुरभुरीत आणि पांढुरका दिसला तर पुन्हा दगडाकडे जा.

ओलेसुके

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत असून लाकडाविषयी थोडे जोडतो. माझे बरेचसे आयुष्य लाकडाच्या थप्प्या लावण्यात गेले आहे.

ओल्या फळ्या हवेवर मुरवायच्या असतील, तर कठीण लाकडासाठी दर इंच जाडीला एक वर्ष हा जुना आडाखा आजही उपयोगी पडतो. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात, त्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत याव्यात आणि फळ्यांच्या टोकांना मेण लावावे, कारण ओलावा टोकांतून सर्वात वेगाने बाहेर पडतो आणि चिरा तिथूनच सुरू होतात. खोलीतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड साधारण ९ टक्के ओलाव्यावर स्थिरावते, ८० टक्के असेल तर १६ टक्क्यांच्या आसपास. वस्तू शेवटी जिथे राहणार आहे तिथल्या हवेशी लाकडाची आधी ओळख होऊ द्यावी, आणि त्यासाठी ओलावामापक हे मी पहिले विकत घेण्याचे उपकरण मानतो.

प्रमाणपत्रांबाबत नव्याने येणाऱ्यांचा एक गैरसमज असतो. जबाबदारीने राखलेल्या जंगलांतील लाकडाला प्रमाणपत्र देणाऱ्या, १९९३ साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्ट्यूअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणित लाकूड तुम्ही विकत आणले, म्हणून तुमच्या वस्तूवर ते चिन्ह लावण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही. जंगलापासून ग्राहकापर्यंतच्या साखळीतील प्रत्येक दुव्याने, म्हणजे तुम्हीही, स्वतंत्र प्रमाणन घेतलेले असावे लागते. एकट्या कारागिराला ते बहुधा परवडत नाही. त्यापेक्षा लाकूड कुठल्या झाडाचे, ते का आणि कधी तोडले, किती दिवस मुरवले, याची नोंद प्रत्येक वस्तूसोबत लिहून द्यावी. शिसवी आणि शिसम ज्या डालबर्जिया वंशात येतात, तो संपूर्ण वंश जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यात आलेल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिशिष्टांत आहे, तेव्हा त्या लाकडाच्या वस्तू परदेशी पाठवायच्या असतील तर नियम आधी पाहावेत.

जुने, टाकून दिलेले लाकूड उत्तमच, कारण ते आधीच मुरलेले असते. पण त्याचा मागचा इतिहास तपासल्याशिवाय ते रंध्याखाली घेऊ नये. मालवाहतुकीच्या पॅलेटवर आंतरराष्ट्रीय नियमानुसार शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ अशी अक्षरे असतील तर लाकडाचा गाभा किमान ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवलेला असतो. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते आणि तसले लाकूड मी घरातल्या वस्तूंसाठी हातात घेत नाही. हिरवट झाक असलेल्या जुन्या खांबांत आर्सेनिकयुक्त परिरक्षक असू शकते, जुन्या रंगात शिसे असू शकते, आणि खिळे तर असतातच. चुंबक फिरवून खिळे काढले असे वाटले की पुन्हा एकदा चुंबक फिरवावे.

भुस्सा

दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहितो. लाकडाची धूळ ही मानवात कर्करोग घडवणारी असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदवले आहे, तेव्हा धूळ उडते तिथेच ओढून घेणारी व्यवस्था आणि चांगला मुखवटा ही चैन समजू नये. हाताच्या रंध्याने ढलप्या निघतात आणि घासयंत्राने धूळ, हाही रंध्याच्या बाजूचा एक मुद्दा आहे. दुसरे असे की जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. ते तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून वाळते, त्यात उष्णता निर्माण होते आणि गुंडाळलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडके मोकळे पसरून वाळवावे किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावे.

कोरीपाटी (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. दुरुस्तीपासून सुरुवात करण्याचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, आणि खरे सांगायचे तर आधी तो जरा अंगावर आला, कारण मनात चित्र होते ते स्वतः रेखाटलेल्या वस्तूंचे. अमेरिकेतील प्रसिद्ध फर्निचर कारागीर सॅम मलूफ हे आधी ग्राफिक कलाकार होते, त्यांनी स्वतःच्या घरासाठी टाकाऊ लाकडातून फर्निचर केले आणि पुढे १९८५ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतील मानाची शिष्यवृत्ती मिळाली, हे वाचल्यापासून तेच चित्र डोळ्यांसमोर आहे. उत्पन्नाविषयी मात्र कोणीच बोलले नाही.

अर्धीवाट

ते मी बोलतो, कारण मी पूर्ण वेळ सुतारकामात उतरून दोन वर्षांनी अर्धा मागे आलो आहे. सध्या आठवड्यातले तीन दिवस पुस्तकांची मांडणी आणि दोन दिवस लाकूड.

मलूफ यांचे उदाहरण खरे आहे, पण ते पुढे काय झाले हे माहीत असलेल्यांनी सांगितलेले उदाहरण आहे. माझ्या वहीप्रमाणे मी कामाच्या तासांपैकी जेमतेम अर्धे तास प्रत्यक्ष मेजावर असे. उरलेले लाकूड शोधणे, ग्राहकाशी बोलणे, धार लावणे, झाडलोट आणि वस्तू पोहोचवणे यात जात. दर ठरवताना मी फक्त मेजावरचे तास मोजले आणि दोन वर्षे स्वतःला अर्ध्या मजुरीवर राबवले. दुरुस्तीत हा घोटाळा कमी होतो, कारण लाकडात पैसा अडकत नाही आणि काम आठवड्यात हातावेगळे होते. पण कधी कधी दुरुस्तीची मजुरी नव्या वस्तूच्या किमतीच्या वर जाते, हे ग्राहकाला खुर्ची उघडण्याआधी सांगावे.

तुमच्या जुन्या व्यवसायाची एक सवय इथे महागात पडेल. डिझाइनमध्ये ग्राहकाने पाचव्यांदा बदल सुचवला तरी आपण कुरकुरत तो करतो. लाकडात करवत लागण्याआधीच सगळे बदल संपलेले असले पाहिजेत, आणि तसे कागदावर लिहून सही घेतलेली असली पाहिजे. प्रमाणबद्ध रेखाटन करण्याची तुमची हातोटी मात्र इथे कामी येईल; वस्तूचे पूर्ण मापाचे चित्र भिंतीवर लावून ग्राहकाला दाखवले की निम्मे वाद तिथेच मिटतात. नोकरी एकदम सोडू नका. दुरुस्तीचे उत्पन्न सलग बारा महिने वहीत लिहा आणि त्यानंतर तो आकडा पाहून ठरवा.

कोरीपाटी (धागाकर्ती), पाच आठवड्यांनंतर

कळवावेसे वाटले म्हणून लिहिते. नोकरीचे दिवस आठवड्याला पाचावरून चार करून घेतले आहेत आणि एका परिचितांची जेवणाच्या टेबलाची जुनी खुर्ची घरी आणली आहे. तिच्या मागच्या उजव्या पायाचा सांधा उघडायला मला दोन संध्याकाळी लागल्या. आत तळाशी तपकिरी, काचेसारखा कडक सरस होता, त्यावर पांढऱ्या डिंकाचा थर होता, त्यावर कोणीतरी ओतलेले इपॉक्सी होते, आणि एवढे करूनही सांधा धरला नाही म्हणून शेवटी बाजूने एक खिळा ठोकलेला होता. खिळ्याने पायाला उभी चीर पाडली आहे. सरस कोमट ओल्या फडक्याने सुटला, बाकीचे पटाशीने खरवडते आहे. माझे स्टूलही उघडून पाहिले. ते जोडताना दांडी ओली आणि पाय वाळलेले होते असे दिसते, ‘जुना रंधा’ यांनी म्हटले तसेच.

आता दांडीचे टोक भोकाहून जवळपास एक मिलिमीटर बारीक भरते. त्यावर पातळ ढलपी गुंडाळून जाडी वाढवावी, की टोकात चीर घेऊन पाचर मारावी? पायाला आधीच चीर गेली असल्याने पाचरीची भीती वाटते.

जुना रंधा

ढलपी लावा, आणि ती त्याच जातीच्या लाकडाची, तंतू दांडीच्या लांबीने ठेवून, सरसाने लावा. पाचर मारू नका; चीर आणखी उघडेल. पायाच्या चिरेत आधी पातळ केलेला कोमट सरस जाऊ द्या, मग दोन क्लॅम्प लावून एक रात्र तसेच ठेवा आणि त्यानंतरच दांडी बसवा. खिळ्याचे भोक तेवढे गोल खुंटीने बुजवा.