सात महिन्यांत दुसरा डिझेल पंप गेला, तिसरा बसवण्याआधी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

जुन्नर तालुक्यातून लिहितोय. माझी २०१९ची डिझेल पिकअप आहे, बीएस-४, कॉमन रेल (म्हणजे पंप जास्त दाबाने डिझेल एका नळीत, रेलमध्ये, भरतो आणि तिथून इंजेक्टर ते इंजिनात फवारतात), १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. नारायणगावहून टोमॅटो भरायचा आणि माळशेज उतरून वाशी गाठायची, हंगामात आठवड्याला चार फेऱ्या. घर याच गाडीवर चालतं.

ऑक्टोबरमध्ये हा कंपनीचा मूळ पंप गेला. आधी पंधरा दिवस सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागायचा. मग रिकामी परत येताना घाटात चेक लाइट लागला आणि गाडी दमच धरेना. मेकॅनिकने रिपेअर केलेला पंप आणि नवा फिल्टर टाकला. बाकी काही उघडलं नाही.

मे महिन्यात मुरबाडच्या अलीकडे, ७० क्रेट भरलेले असताना गाडी बंद पडली ती पडलीच. स्कॅनर लावला तर सेल्फ मारताना रेल प्रेशर १४० बारच्या पुढे जात नव्हतं, चालू व्हायला साधारण २०० तरी लागतं म्हणे. दुसरी गाडी मिळेपर्यंत बाजार हुकला, खालच्या क्रेटना पाणी सुटलं. त्या शेतकऱ्यासमोर उभं राहणं फार जड गेलं.

या वेळी पंप खोलताना मी शेजारीच उभा होतो. मीटरिंग युनिटची (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणाऱ्या भागाची) जाळी पांढऱ्या फडक्यावर झटकली तर चंदेरी चुरा पडला, बोटाला लावला की चमकतो. पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याने सांगितलं, या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. डिझेलमध्ये पाणी आलं की आतले भाग घासतात, आणि तो कीस रेल, इंजेक्टर आणि रिटर्न लाइनमधून थेट टाकीत जातो. म्हणजे पहिल्या पंपाचा कीस टाकीत राहिला असेल, तर दुसरा पंप त्याच घाणीवर चालला का?

पाणी कुठून आलं याचा मला अंदाज आहे. ट्रॅक्टरसाठी गोठ्याजवळ २०० लिटरचं बॅरल आहे. रात्री-अपरात्री निघताना त्यातूनच वीस-तीस लिटर घालायचो. परवा बॅरलच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं. सकाळी खाली बोटभर पाणी, आणि पाणी-डिझेलच्या मधोमध काळसर शेवाळासारखा थर. ज्या पेट्रोल पंपावर नेहमी भरतो तिथलं डिझेल तसंच ठेवून पाहिलं, ते स्वच्छ निघालं. फिल्टरखालचा, साचलेलं पाणी काढायचा ड्रेन स्क्रू मी आजवर कधी सोडलाच नव्हता, ही माझीच चूक. बॅरल आता बंद केलंय.

मेकॅनिक म्हणतो पंप बदल आणि चल. पंपवाला म्हणतो टाकी उतरवून धू, लाइन आणि रेल साफ कर, चारही इंजेक्टर बेंचवर तपास, नाहीतर नवा पंपही जाईल. मला पंपवाल्याचं पटतं, पण खर्च दुपटीच्या वर जातो. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा, इंजेक्टर नुसते धुऊन भागलं का, की बदलावेच लागले? टाकी आतून धुतल्यावर कीस खरंच निघतो, की नवी टाकीच परवडते? आणि पंप या वेळी नवाच घ्यावा, की चांगल्या लॅबमधून रिपेअर केलेला टिकतो?

टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या रबरी पाइपला बारीक चिराही दिसल्यात. तिथून हवा ओढत असेल तर ते पक्कं कसं ओळखायचं, हेही कुणाला ठाऊक असेल तर लिहा.

गाडी दारात उभी आहे, पंप पोत्यावर काढून ठेवलाय. वीस तारखेपासून तोडा सुरू होतोय.