शब्दचर्चा: ‘हेरिटॅबिलिटी’ला आनुवंशिकता म्हणावं का?

नमस्कार मंडळी. मनोविकारांवरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. त्यात ‘स्किझोफ्रेनियाची हेरिटॅबिलिटी सुमारे ८० टक्के’ असं आहे. मी ‘आनुवंशिकता ८० टक्के’ लिहिलं आणि कच्चा मजकूर मावशीला वाचायला दिला. तिच्या दिरांना हा आजार आहे. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे भाऊजींच्या पोरांना दहात आठ वेळा होणारच का गं?" मला नीट उत्तर देता आलं नाही. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर १

ताई, आधी मावशींना सांगा की तसं नाही. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण दहात एक. ८० टक्के हा आकडा कुणा एका माणसाचा नाहीच, तो समूहातल्या तफावतीचा आहे. कुणाला आजार होतो, कुणाला होत नाही, या फरकातला किती हिस्सा जनुकांतल्या फरकांमुळे, एवढंच तो सांगतो.

ज्वारीचं बघा. एकाच शुद्ध वाणाचं बियाणं अर्धं काळ्या रानात, अर्धं मुरमाड रानात पेरलं तर ताटांच्या उंचीत फरक पडेल, पण तो सगळा जमिनीचा. इथे हेरिटॅबिलिटी शून्य. चार वाणांचं मिसळलेलं बी एकसारख्या ओलिताच्या रानात टाका, आता जवळजवळ सगळा फरक बियाण्याचा. म्हणजे रान बदललं की आकडा बदलतो. ‘आनुवंशिकता’ हा शब्द मात्र रक्तात कायमचं काहीतरी असल्यासारखा वाजतो, आणि घाबरलेल्या घरात तर तसाच ऐकला जातो.

मी ‘आनुवंशिक वाटा’ लिहितो. वाटा म्हटलं की ‘कशातला?’ हा प्रश्न आपोआप येतो.

उत्तर २

‘वंशगुणांक’ चालेल का? एका शब्दात काम होतं. शिवाय ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण इथे चपखल बसते. यातला वाण म्हणजे रंग, वर्णावरून आलेला. वरच्या ज्वारीचा वाण वेगळा. एका गोठ्यात राहून जे साम्य येतं ते वंशाचं नव्हे. मग घराण्यातल्या आजारात गोठा कुठला आणि वंश कुठला, हे कसं ठरवतात?

उत्तर १

म्हण फार नेमकी आणलीत. त्यासाठीच जुळ्यांचा अभ्यास करतात. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास सारखी, द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मी. गोठा दोघांचाही एकच. समजा एखाद्या गुणाचा सहसंबंध, म्हणजे जोडीतल्या दोघांत किती साम्य ते सांगणारा आकडा (साम्य नाही तर ०, पूर्ण असेल तर १), एकबीज जोड्यांत ०.८ आणि द्विबीज जोड्यांत ०.५ आला. दोन्हींतला फरक ०.३, तो निम्म्या जनुकांचा, म्हणून त्याची दुप्पट ०.६, म्हणजे वाटा ६० टक्के. हे अर्थात ढोबळ गणित. जुळ्यांच्या दोन्ही प्रकारांना घरी सारखंच वागवतात हे त्यात गृहीत असतं, आणि त्यावर वाद आहेत.

‘वंशगुणांक’ मला पटत नाही. पत्रिकेतले गुण जुळवणाऱ्या आपल्या लोकांना तो माणसाला मिळालेला गुण वाटेल.

‘वाटा’ पुढेही कामाला येतो. उंचीचा वाटा जुळ्यांवरून सुमारे ८० टक्के निघतो. पण २००८ च्या सुमारास सापडलेल्या, उंचीशी संबंध असलेल्या चाळीसेक जनुकीय जागा मिळून उंचीतल्या फरकाचे जेमतेम ५ टक्के भरत होते. या तुटीला ‘मिसिंग हेरिटॅबिलिटी’ म्हणू लागले. ‘हरवलेली आनुवंशिकता’ म्हटलं तर काही बोध होत नाही. ‘हरवलेला वाटा’ लगेच कळतं. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा १२ हजारांवर जागा सापडल्या आणि युरोपीय वंशाच्या लोकांत ४० टक्के हिशेब लागला. इतर वंशांच्या लोकांत बराच कमी लागला, कारण अभ्यासलेले बहुतेक लोक युरोपीय वंशाचेच होते.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. आता असं लिहिलंय: ‘हा आजार काहींना होतो, काहींना होत नाही. समाजातल्या या फरकात आनुवंशिक वाटा सुमारे ८० टक्के आहे. रुग्णाच्या मुलाला आजार होण्याची शक्यता मात्र साधारण दहात एक आहे.’ दुसरं आणि तिसरं वाक्य एकाच पानावर राहील, एवढं छापणाऱ्यांना बजावलंय. मावशीला आज संध्याकाळी दाखवते.