काळा दिसला म्हणून फ्रिजियन समजलो, निघाला ग्रोनिंगन

हौशी_गाडीवान:
नेदरलँड्सच्या उत्तरेला एका शेतावर बग्गीला जुंपलेला काळा, भरदार घोडा पाहिला. ‘फ्रिजियन ना?’ असं तिथल्या प्रसिद्ध काळ्या जातीचं नाव घेऊन मी शहाणपणा केला. मालकीणबाई हसल्या. ‘ग्रोनिंगन. वॉर्मब्लड आहे.’ मग लक्षात आलं, पायांवर फ्रिजियनचे ते लांब केस नव्हते. पण इतका दणकट घोडा वॉर्मब्लड कसा? आणि इतरत्र दिसत का नाही?

लगाम_सैल:
वॉर्मब्लडचा रक्ताच्या तापमानाशी काही संबंध नाही. चपळ आणि अवजड या दोन टोकांमधली ही ठेवण. त्यातले काही अवजड बाजूला झुकतात, तुमचा घोडा त्यातलाच. सीमेपलीकडच्या जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग आणि पूर्व फ्रिसियाच्या गाडीच्या घोड्यांपासून ही जात घडली. ग्रोनिंगन प्रांताची जमीन चिकण, नांगर रुतणारी. तिथे ताकद हवी. आणि गाडीला जुंपलं की चाल डौलदार हवी.

ट्रॅक्टर आले, मग लोकांना स्वारीचे हलके घोडे हवे झाले. चांगल्या चांगल्या घोड्या बाहेरच्या नरांना दाखवल्या गेल्या. आजच्या डच वॉर्मब्लडच्या, म्हणजे स्वारीच्या त्या हलक्या जातीच्या, मागच्या पायांतला जोर बराचसा या घोड्यांचा. पोरं नावारूपाला आली, घराणं मात्र बुडायला आलं. 1978 पर्यंत शुद्ध रक्ताचा एकच नर उरला होता, बाल्डेवाइन. तोही कत्तलीच्या वाटेवर होता! काही लोकांनी तो वाचवला, हुडकून हुडकून वीसेक घोड्या जमवल्या आणि 1982 मध्ये पैदाशीसाठी संघटना उभी केली.

रिकीब:
एकच नर? म्हणजे सगळी शिंगरं सावत्र भावंडं. पुढची पिढी कुठून आणायची?

लगाम_सैल:
बरोबर पकडलंत. म्हणून जुन्या ठेवणीच्या ओल्डेनबुर्ग आणि पूर्व फ्रिसियन नरांचं रक्त घेतलं. मुळात नात्यातलेच ते. यावर नाक मुरडणारे असतात. माझ्या मते ‘शुद्ध’चा हट्ट धरला असता, तर फक्त फोटो उरले असते. खरी अडचण वेगळी आहे: घोड्याला काम लागतं. गाडी हाकणारे वाढले तर शिंगरांना गिऱ्हाईक.

हौशी_गाडीवान:
बाईंनी लगाम पुढे केला होता. मी घाबरून नको म्हणालो.

लगाम_सैल:
अहो, ही जात शांतपणासाठीच ओळखली जाते! परत जा, त्या अजून विचारतील.